चूक कुणीकडे झुकते? कारखान्यातला कॅमेरा आणि पीकविम्याचं मॉडेल

(वाळूज येथे लघुउद्योजक, गुणवत्ता विभागातले अभियंते आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सेकंड शिफ्ट सोडून काही जण आलेत, काहींना इथून थेट नाइटला जायचंय, त्यामुळे मी फार प्रस्तावना करत नाही.

विषय ठेवलाय ‘प्रत्यक्षातला डेटा आणि मशीन लर्निंग’. हा विषय आला की हल्ली एक आकडा हमखास ऐकू येतो. प्रदर्शनात कुठल्याही स्टॉलवर उभे राहा, समोरचा तरुण सांगतो, ‘सर, आमचं मॉडेल ९८ टक्के ॲक्युरेट आहे.’ मी त्याला एकच विचारतो, तुमच्याकडे रिजेक्शन किती? तो म्हणतो, दोन टक्के. मग मी म्हणतो, अरे बाबा, हजार पार्ट आले, त्यात वीस खराब. मी कॅमेरा न लावता, डोळे मिटून प्रत्येक पार्टला ‘ओके’ म्हणालो, तरी माझे ९८० बरोबर आले. माझीही अचूकता ९८ टक्के, आणि मला वीजबिलसुद्धा नाही.

हा विनोद आता जुना झालाय, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. आज मला त्याच्या पुढचं बोलायचंय. चूक किती हे सगळे विचारतात. ती कुणीकडे झुकलेली आहे हे फारसं कुणी विचारत नाही. पाठ्यपुस्तकात याला ‘अभिनती’ म्हणतात. मी आज ‘झुकाव’ म्हणेन, कारण अभिनती म्हटलं की परीक्षेची आठवण येते.

आधी इथलीच एक गोष्ट. वाळूजमधल्या एका कास्टिंगच्या युनिटमध्ये, नाव सांगत नाही, मला बोलावलं होतं. फायनल इन्स्पेक्शनला कॅमेरा बसवलेला. ब्लो होल, क्रॅक, अशा दोषांचे फोटो देऊन मॉडेल शिकवलेलं. चाचणीत उत्तम चाललं आणि लाइनवर आल्यावर गडबड. ग्राहकाकडून पार्ट परत यायला लागले. मालकांचं म्हणणं, कॅमेरा बदलू का? विक्रेत्याचं म्हणणं, अजून फोटो द्या. सगळे मॉडेलकडे बघत होते. मी म्हटलं, मॉडेलला ‘हा चांगला, हा वाईट’ हे शिकवलं कुणी? तर तिथे एक ताई होत्या, बरीच वर्षं तपासणी करणाऱ्या. प्रत्येक फोटोवरचा शिक्का त्यांच्या रजिस्टरवरून आलेला. मी त्यांना विचारलं, ‘ताई, तुम्ही पार्ट लाल बिनमध्ये कधी टाकता?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘सर, खरं सांगू? पंचवीस तारखेनंतर जरा हात सैल सोडावा लागतो. गाडी उभी असते ना बाहेर.’

झालं! सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं. महिनाअखेरीला डिस्पॅचचा दबाव, तेव्हा सीमारेषेवरचे पार्ट ‘ओके’ व्हायचे. मॉडेलला फोटो दिसत होता, तारीख दिसत नव्हती. तसलेच पार्ट कधी चांगले, कधी वाईट, असे त्याच्यापुढे आले. शेवटी त्यानेही हात सैल सोडायला शिकून घेतलं, आणि तेही महिनाभर, रोज. आम्ही पन्नास पार्ट बाजूला काढले, खुणा न करता इतर पार्टांमध्ये मिसळले आणि त्याच ताईंना दोन वेगवेगळ्या आठवड्यांत दाखवले. पार्ट तेच, शिक्के वेगळे. आणि जिथे निकाल बदलला, तिथे तो बहुतेक एकाच दिशेनं बदलला होता.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आम्हाला माहीत आहे. बरोबर आहे! तुमच्या ग्राहक कंपन्या तुमच्याकडून एमएसए करून घेतात. व्हर्निअर असो, मायक्रोमीटर असो, तीन जण, दहा पार्ट, पुन्हा पुन्हा मोजा, गेज आर अँड आर काढा. मापाचं साधनच डगमगत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ, हे वाळूजमधल्या डिप्लोमावाल्या मुलालाही पाठ असतं. मग कॅमेऱ्याला शिकवताना जे माप वापरलं, म्हणजे त्या ताईंचा शिक्का, त्याचं गेज आर अँड आर का नाही केलं? कारण ते ‘डेटा’ या नावानं आलं. एक्सेलच्या फाइलमध्ये आलं. फाइलमधून आलेलं माप आपण तपासत नाही, ही आपली सवय आहे. आणि यात त्या ताईंना दोष देऊ नका. दबाव त्यांच्यावर वरून आला होता. त्यांनी निदान तो कबूल केला.

हे झालं कारखान्याचं. आता जरा गावाकडे जाऊ. इथे बजाजनगरला, रांजणगावला राहणारे किती जण बीडचे, जालन्याचे, परभणीचे? हात वर करा... बघा. आणि गावी जमीन किती जणांची? जवळजवळ तेवढेच हात. म्हणजे ऑक्टोबरात तुम्हाला गावाकडून फोन येतो, सोयाबीन काढली, विम्याचं काय झालं? तर त्या विम्यातही आता मॉडेल बसलंय. २०२३ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ‘येस-टेक’ नावाची पद्धत आली. उपग्रहावरून आणि हवामानाच्या माहितीवरून उत्पादनाचा अंदाज काढायचा आणि कापणी प्रयोगातून आलेल्या आकड्यात तो मिसळायचा. केंद्रानं भात आणि गव्हापासून सुरुवात केली, तांत्रिक अंदाजाला किमान ३० टक्के भारांक. आपल्या राज्यात सोयाबीन आणि कापूसही त्यात आले. आजचं माझं खरं टीकेचं लक्ष्य हे आहे. पण टीका करायची तर आधी ही गोष्ट नीट समजून घेऊ.

विमा मिळतो कसा? तुमच्या एकट्याच्या शेतावर नाही. आपल्याकडे एकक आहे महसूल मंडळ. त्या मंडळात त्या पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग होतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे शेत निवडायचे, शेतात ठरल्या पद्धतीनं जागा निवडायची, सोयाबीनला साधारण १० बाय ५ मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पादन. ते ‘उंबरठा उत्पादना’शी ताडून बघायचं. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं. तो आपल्याकडे ७० टक्के. यंदाचं उत्पादन त्याच्या खाली गेलं तर जेवढं टक्के खाली, तेवढे टक्के विमा रकमेचे. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई कापणीच्या उत्पादनावरच ठेवली. पूर्वी गारपीट, काढणीनंतरचं नुकसान, असे वेगळे दरवाजे होते, ते मिटले. म्हणजे आता सगळा भार त्या एका आकड्यावर.

तर हा आकडा कुठून आला, याचा इतिहास मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो बराचसा आपल्या माणसांचा आहे.

इंग्रजांच्या काळात पीक किती आलं हे नजरेनं ठरायचं. सोळा आण्याचं पीक म्हणजे पूर्ण पीक, मग यंदा किती आणे? बारा? आठ? ती आणेवारी. आज पैसेवारी म्हणतो, आणि ती पन्नासच्या आत की बाहेर यावर गावोगाव किती भांडणं होतात हे तुम्हाला सांगायला नको. या नजर अंदाजांवर संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप असा होता की नजर सावध असते, कमीच सांगते, आणि सगळीकडे एकाच बाजूला चुकते. एकाच बाजूला! हा शब्द लक्षात ठेवा.

मग आले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, १९११ चा जन्म. पुण्यात फर्ग्युसनला शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली, आणि १९४० पासून दिल्लीत शेती संशोधन परिषदेत. त्यांच्याबरोबर विनायक गोविंद पानसे. आजही कृषी विद्यापीठात कुणाला विचारा, ‘पानसे आणि सुखात्मे’ हे एकच नाव असल्यासारखं सांगतील, इतकं त्यांचं १९५४ चं पुस्तक घराघरात, म्हणजे वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांत होतं. या मंडळींनी नजर अंदाज बाजूला सारून चिठ्ठीनं शेत निवडायची आणि प्रत्यक्ष कापून मोजायची पद्धत देशभर रुजवली.

पण एक प्रश्न राहिला. कापायचा तुकडा केवढा? तिकडे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस हेच काम करत होते. त्यांची माणसं छोटी वर्तुळं कापायची, चार फूट त्रिज्येचं वगैरे. छोटा तुकडा म्हणजे काम झटपट, जास्त ठिकाणी जाता येतं, नमुना मोठा होतो. कागदावर हे चोख आहे. सुखात्मे म्हणाले, थांबा. छोट्या तुकड्यातून उत्पादन फुगून येतंय. १९४६ साली त्यांनी हे ‘नेचर’मध्ये छापलं. कारण काय? तुकड्याची कड. कडेवर एक झाड आहे, अर्धं आत, अर्धं बाहेर. कापणारा काय करतो? चांगलं भरलेलं झाड असेल तर आत घेतो. मुद्दाम नाही, सहज होतं ते.

आता गणित बघा, तुम्ही लोक गणिताचे. चार फुटी त्रिज्येचं वर्तुळ, क्षेत्र पन्नास चौरस फूट, परीघ पंचवीस फूट. कडेला अर्ध्या फुटाची पट्टी धरली तर साडेबारा चौरस फूट. म्हणजे तुकड्याच्या चौथा हिस्सा इतकी जागा संशयाची. आता १० बाय ५ मीटरचा आयत घ्या. परिमिती तीस मीटर, क्षेत्र पन्नास चौरस मीटर, तीच अर्ध्या फुटाची म्हणजे पंधरा सेंटिमीटरची पट्टी साडेचार चौरस मीटर. नऊ टक्के. तुकडा वाढला की कड हरते.

महालनोबिसांचं उत्तरही ऐकायला हवं, कारण ते काही कच्चं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की माझं पथक कायमचं आहे, शिकवलेलं आहे, उपकरण नीट आहे, फार लहान वर्तुळं सोडली तर ही चूक नगण्य ठेवता येते. आणि सुखात्म्यांचं काम होतं महसूल आणि शेती खात्यातल्या माणसांकडून, ज्यांना इतर शंभर कामं. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. प्रश्न माप कोण घेतंय आणि कुठल्या परिस्थितीत घेतंय, हाच होता. पण सुखात्म्यांच्या मुद्द्यात एक गोष्ट अशी आहे जी आजच्या मशीन लर्निंगवाल्यांनी टेबलावर चिकटवून ठेवावी. छोटी वर्तुळं शंभराऐवजी लाख कापली, तरी तो फुगवटा जात नाही. नमुना वाढवला की इकडे तिकडे होणारी चूक कमी होते, झुकाव आहे तसाच राहतो. उलट आकडा जास्त ठाम दिसायला लागतो. आपल्या त्या विक्रेत्याचं ‘अजून फोटो द्या’ आठवतंय ना? तेच.

बरं. आता उपग्रहाकडे येऊ. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह दहा मीटरच्या चौकोनात जमीन बघतो, जोडी मिळून दर पाच दिवसांनी. हिरवेपणाचं माप काढता येतं. ढग आले की तो आंधळा होतो, आणि आपलं पीक तर पावसाळ्यातच वाढतं, म्हणून ढगांतून बघणारा रडारचा सेंटिनेल-१ जोडीला घेतात. इथपर्यंत ठीक. ही यंत्रणा फुकट माहिती देते आणि प्रत्येक शेतावरून जाते, कुणाचा वशिला चालत नाही. याचं मोल मी कमी करत नाही.

पण तो बघतो पान. विमा आहे दाण्याचा. २०१७ आठवतंय? गुलाबी बोंडअळी. कपाशी डोक्याएवढी, हिरवीगार, बांधावरून बघणाऱ्याला वाटावं यंदा चांदी आहे. बोंड फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. वरून बघणाऱ्याला, मग तो बांधावर असो की सातशे-आठशे किलोमीटरवर, ते बोंड दिसत नाही. २०१९ चा ऑक्टोबर घ्या. सोयाबीन कापून ढीग लावलेला, पाऊस थांबेना, शेंगांना कोंब फुटले. उपग्रहाच्या लेखी पीक कधीच निघून गेलं होतं. सोयाबीनमध्ये तुरीचे पाटे असतात आपल्याकडे, दहा मीटरच्या चौकोनात दोन्ही पिकं. सोयाबीन वाळली तरी तूर हिरवी. हे सगळं शेतकऱ्याला माहीत आहे, मॉडेलवाल्यांनाही माहीत आहे, त्यावर उपायही शोधले जातात. मी यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण याहून खोल एक गोष्ट आहे आणि ती दिसायला निरागस आहे.

सगळी मॉडेलं एका जातीची नसतात. काही पिकाच्या वाढीचं गणित मांडतात. पण ज्या मॉडेलांना मागच्या वर्षांच्या कापणी प्रयोगांवर शिकवलं जातं, त्यांना आपण सांगतो काय? ‘चुकीचा वर्ग काढ, आणि सगळ्यांची बेरीज कमीत कमी ठेव.’ आता असं मॉडेल, जिथे त्याला खात्री नाही तिथे काय करेल? सरासरीकडे सरकेल. तुम्हाला एखाद्या अनोळखी मुलाचे दहावीचे मार्क ओळखायला सांगितले, तर तुम्ही पस्तीसही म्हणणार नाही आणि अठ्ठ्याण्णवही नाही. साठ-पासष्ट म्हणाल. त्यात तुमची सर्वात कमी चूक. मॉडेलही हेच करतं. म्हणून त्याचे अंदाज खऱ्या आकड्यांपेक्षा नेहमी आखडलेले असतात. चांगल्या मंडळाला जरा कमी सांगतं, वाईट मंडळाला जरा जास्त. सरासरीनं बघाल तर हिशोब जुळतो, चूक शून्य. अहवाल छान दिसतो.

आता हा हिशोब विम्यात टाका. आकडे मी सोयीसाठी कल्पून घेतोय, पण प्रमाण बघा. समजा एका भागात सोयाबीनची सरासरी हेक्टरी १२ क्विंटल, उंबरठा उत्पादन ९, विमा रक्कम हेक्टरी ५०,०००. एका मंडळात यंदा खरोखर ६ क्विंटल आलं आणि कापणी प्रयोगही ६ च म्हणतात. मॉडेलला समजा उत्पादनातल्या चढउतारापैकी निम्मा भाग कळतो, आणि शेतीच्या मॉडेलसाठी हे वाईट नाही. तर अशा मंडळांत सरासरीपासून खाली निम्मंच अंतर ते जाईल. खरं अंतर सहा, मॉडेल जाईल तीन. म्हणजे ते सांगेल ९ क्विंटल. उंबरठ्यावर! नुसत्या मॉडेलवर गेलो तर भरपाई शून्य. नुसत्या कापणी प्रयोगावर ९ मधून ६ गेले ३, म्हणजे तेहतीस टक्के, हेक्टरी साधारण १६,६६७ रुपये. सत्तर-तीस मिसळलं तर उत्पादन ६.९ धरलं जाईल, भरपाई ११,६६७. पाच हजार गेले. अर्धं-अर्धं मिसळलं तर ७.५, भरपाई ८,३३३. बरोब्बर निम्मी.

आणि चांगल्या वर्षाचं काय? खरं १८, मॉडेल म्हणतं १५. चूक तेवढीच, तीन क्विंटलची. पण १५ काय आणि १८ काय, दोन्ही उंबरठ्याच्या वर. कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे मॉडेलची चूक दोन्ही बाजूंना सारखी आहे, अहवालात ती एकमेकींना खाऊन टाकते, पण पैसा फक्त एका बाजूला आहे. विमा हा वाईट वर्षासाठीच असतो आणि हे मॉडेल नेमकं वाईट वर्षी गोड बोलतं. यात कुणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. कुणी डाव न टाकता हे होतं, म्हणून ते पकडायला अवघड.

आता दुसरी बाजू, ती न सांगता मी खाली बसलो तर तुमची फसवणूक होईल. कापणी प्रयोग म्हणजे काही परमसत्य नाही. दहा तुकडे. शेताशेतांत चाळीस टक्के चढउतार धरला तर दहांच्या सरासरीत तेरा टक्क्यांच्या आसपास डगमग उरतेच. वरून तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांनी वाटून घेतलेलं काम, काढणी सगळीकडे एकाच आठवड्यात, मजूर मिळालेत म्हणून शेतकरी थांबत नाही, पथक पोचतं तर शेत मोकळं. मग पर्यायी शेत. जो थांबू शकला त्याचं. आणि शेतात उभे असलेल्या प्रत्येकाचं हित त्या वजनकाट्याला बांधलेलं, गावाचं एकीकडे, कंपनीच्या प्रतिनिधीचं दुसरीकडे. आता ॲपवर फोटो आणि ठिकाणाची नोंद होते हे चांगलंच झालं, पण काटा कसा धरला हे फोटोत येत नाही. तेव्हा डगमगणाऱ्या मापाला दुसऱ्या, स्थिर मापाचा आधार द्यायचा, ही कल्पना संख्याशास्त्रात चुकीची नाही. प्रयोग योगायोगानं कमी निघाले, तर मॉडेल त्यांना सावरेलही. मी स्वतः विद्यार्थ्यांना हेच शिकवतो. फक्त ते शिकवताना एक अट सांगतो, की आधाराचं माप ज्या बाजूला झुकलंय ती बाजू तुम्हाला माहीत हवी आणि ती आधी सरळ केलेली हवी. अंदाजांचा आखडलेला पसारा पुन्हा ताणता येतो. नाहीतर उंबरठ्याखालच्या चुकांना शिकवतानाच जास्त वजन देता येतं. या गोष्टी अवघड नाहीत, एमएस्सीचा विद्यार्थी करू शकतो. त्यानं सरासरी चूक थोडी वाढेल. अहवालातला आकडा जरा कमी सुंदर दिसेल. म्हणून त्या कुणी आपणहून करत नाही.

आणि चाचणी कशी घेतली, तेही विचारा. साधारण पद्धत अशी, की सगळी मंडळं, सगळी वर्षं एकत्र करायची, चिठ्ठ्या टाकायच्या, ऐंशी टक्के शिकायला, वीस टक्के परीक्षेला. मग होतं काय, गंगापूर तालुक्यातलं एक मंडळ शिकण्यात आणि शेजारचं परीक्षेत, वर्ष तेच, पाऊस तोच. हा पेपर फुटलेला आहे! कारखान्यात एकाच बॅचचे पार्ट दोन्हीकडे टाकण्यासारखं. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ ला गेला, दुसरा २०१७ ला. चौकोन कोट्यवधी आहेत, पण खरीप मोजले तर दहा-अकरा, आणि त्यातले खरोखर वाईट एका हाताच्या बोटांवर. मॉडेलनं दुष्काळ किती वेळा पाहिलाय? २०१८ पाहिलाय. २०२३ पाहिलाय, तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा होता आणि पुढे शेंगा भरण्याच्या वेळी सोयाबीनची ओल गेली होती. मग परीक्षा अशी घ्या, की २०२३ पूर्ण बाजूला ठेवा, त्याचं एकही मंडळ शिकवू नका, आणि मग विचारा, सांग बाबा तेव्हा काय आलं होतं? मला अशा परीक्षेचे मार्क हवेत, आणि तेही फक्त उंबरठ्याखालच्या मंडळांचे.

माझं बोलणं मी इथे थांबवतो, प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक अभियंता): सर, आमच्याकडे कॅमेऱ्याचा निर्णय झालाय, पैसे भरलेत. आता ताईंचा शिक्का वाईट म्हणून प्रकल्प थांबवायचा का?

नाही, थांबवू नका. पहिल्या दहा-पंधरा दिवसांचे शिक्के वेगळे काढा, महिनाअखेरचे सध्या शिकवायला वापरू नका. सीमारेषेवरचे पार्ट दोघांना दाखवा, एकमेकांचा शिक्का न दाखवता. जिथे मतभेद, ते कापून बघा, आतलं छिद्र खोटं बोलत नाही. हे तुम्हाला एका आठवड्यात जमेल. आणि कॅमेरा ज्याला ‘ओके’ म्हणतो त्यातले थोडे पार्ट रोज चिठ्ठीनं उचलून पुन्हा तपासा, कायम. लाल बिनमधलेच तपासत राहिलात तर सुटलेले कधी कळणार नाहीत.

प्रश्न (एक श्रोता): माझं गाव परभणी जिल्ह्यात आहे. वडील विचारतात, उपग्रहानं विमा कमी केला का? त्यांना काय सांगू?

त्यांना सांगा, तुमच्या मंडळाचे तीन आकडे मागा. कापणी प्रयोगाचा वेगळा, तांत्रिक अंदाजाचा वेगळा आणि मिसळून आलेला वेगळा. तिन्ही शेजारी ठेवले की वडिलांना माझ्या व्याख्यानाची गरज पडणार नाही, वजाबाकी त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. शेजारच्या चार मंडळांचेही मागा. सगळीकडे तांत्रिक आकडा वरच असेल, तर तो योगायोग म्हणणं अवघड आहे. काही ठिकाणी वर, काही ठिकाणी खाली असेल, तर निदान तुमच्या भागात झुकाव नाही असं मी म्हणेन, आणि तसं निघालं तर मला आनंदच होईल. आकडे मिळाले की मला पाठवा. आपण बसून बघू.